नलूवहिनी आणि सहा घंटा

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने चाळत होतो. ऑफिसातली बाई दारात येऊन म्हणाली, सिडनीहून फोन आहे, तुझा भाऊ आहे. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता फोन करणारा माणूस दादा नव्हे. हात पुसत गेलो. त्यानं माझं नावही घेतलं नाही. “नलू गेली,” एवढंच म्हणाला. आणि मी विचारलं, “कुठं?”... खरंच तसं विचारलं मी. मग त्यानं सांगितलं. टेक्निकल कॉलेजातल्या सकाळच्या वर्गात वहिनी फळ्यासमोर उभी होती. डोकं धरून खाली बसली, आणि हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांची होती. आदल्याच रविवारी ती माझ्याशी फोनवर अर्धा तास बोलली होती आणि त्यातली वीस मिनिटं चर्चच्या घंटांबद्दल. मी नेहमीसारखा अर्धं लक्ष देऊन हं हं करत होतो. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मला ज्यांनी ज्यांनी विचारलं, की कराडची एक बाई ऑस्ट्रेलियात जाऊन चर्चच्या घंटा कशाला वाजवत होती, त्यांना मी धड उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून हे लिहितो आहे. माझ्यासाठीही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी शिकायला सिडनीला आलो आणि टूनगॅबी या उपनगरात दादा-वहिनीच्या घरी राहू लागलो. माझा थोरला भाऊ वसंता एका रेफ्रिजरेशनच्या कंपनीत इंजिनियर होता. वहिनी गणितात एम.एस्सी. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलेली. इथं मात्र ती टपालाच्या एका मोठ्या केंद्रात शिफ्टला जायची आणि आठ तास पत्रं वेगळी करायची. शिक्षिकेच्या जागेसाठी तिनं एकदा मुलाखत दिली होती. तिथं विचारलं एक आणि हिनं सांगितलं भलतंच, असं काहीतरी झालं, आणि घरी येऊन ती म्हणाली की पुन्हा जाणार नाही. हिचं इंग्रजी कच्चं आहे असं दादानं ठरवून टाकलं. मीही. खरं तर लायब्ररीतून आठवड्याला तीन-तीन इंग्रजी पुस्तकं आणून वाचणारी घरात ती एकटीच होती. पण या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, हे दोन शिकलेल्या पुरुषांच्या ध्यानात आलं नाही.

ती कमी बोलायची. महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमायचो. तिथं सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या की ती हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत बसायची, आणि कुणी काही विचारलं तर “हो ना” म्हणायची. तिला शिष्ट म्हणत. दादाचा आवाज घरात चढलेला असायचा. “लक्ष कुठं असतं तुझं?” हे त्याचं दिवसातून दोनदा तरी ठरलेलं वाक्य. तिला त्याचा राग येत नसे. उलट ती प्रसन्नपणे वळून उत्तर द्यायची. तिचा आणि दादाचा खरा वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा, त्याच्या मिशीवरून. इथं आल्यावर त्यानं भरघोस मिशी ठेवली होती, तेव्हाच्या फॅशनप्रमाणे, वरचा ओठ पूर्ण झाकणारी. ती काढा, असं वहिनी महिन्यातून एकदा तरी म्हणायची. दादा म्हणायचा, ऑफिसात सगळे ठेवतात.

एका शनिवारी दुपारी मी आणि ती शिलाई मशीनचा पट्टा आणायला दोन-तीन स्टेशनं पलीकडच्या जुन्या वस्तीत गेलो होतो. परतताना बसची वाट बघत बाकावर बसलो. समोर रस्त्यापलीकडे एक बुटकं दगडी चर्च, त्याला चौकोनी मनोरा. आत लग्न लागलं असावं, कारण एकदम घंटा सुरू झाल्या. मला तो निव्वळ गोंगाट वाटला. वहिनी मात्र बाकावरून उठून उभी राहिली. हातातली पिशवी खाली ठेवली, रस्ता ओलांडून फाटकापर्यंत गेली आणि एक हात तिथल्या दगडी खांबावर ठेवून मान वर करून उभी राहिली. मी मागोमाग गेलो. “मुकुंद, मोज,” ती म्हणाली. “सहा आहेत. पण तोच क्रम परत येत नाहीये.” मी मोजायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या ओळीला सोडून दिला. आमची बस आली आणि गेली. घंटा थांबल्यावर बाजूच्या छोट्या दारातून पाच-सहा माणसं हसत-बोलत बाहेर पडली, तर दुकानात भाव विचारायलासुद्धा मला पुढं ढकलणारी ही बाई सरळ त्यांच्यातल्या म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, तुम्ही वाजवता ते लिहून कसं ठेवता?

तो रॉन. रेल्वेच्या सिग्नलखात्यातून निवृत्त झालेला, गुडघ्यापर्यंत मोजे, खाकी अर्धी चड्डी. मनोऱ्यातल्या सगळ्या रिंगरांचा, म्हणजे घंटा वाजवणाऱ्यांचा, तो म्होरक्या. त्यानं खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि लग्नाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागं आकडे लिहून दाखवले. यात गाणं नसतं, सूर नसतो. सहा घंटा, लहानीपासून मोठीपर्यंत, एक ते सहा. पहिल्यांदा ओळीनं वाजवायच्या. मग प्रत्येक फेरीला काही घंटांनी शेजारणीशी जागा बदलायची. एका घरापेक्षा जास्त सरकायचं नाही, आणि एकदा येऊन गेलेला क्रम पुन्हा कधी येऊ द्यायचा नाही. त्याचं सांगून संपायच्या आत वहिनी म्हणाली, म्हणजे जास्तीत जास्त सातशे वीस क्रम. रॉननं पेन्सिल खाली केली. हा आकडा विचारायलाच लोकांना वर्ष लागतं, असं तो मला नंतर म्हणाला. दर गुरुवारी संध्याकाळी सराव असतो, ये, म्हणाला.

घरी दादाला हे पसंत पडायचं कारण नव्हतं. तो देवभोळा नव्हता, पण लोक काय म्हणतील याचं त्याला फार असायचं. शेवटी मुकुंदला बरोबर घेऊन जा, या अटीवर त्यानं होकार दिला. त्यामुळे पुढची अडीच वर्षं माझ्या गुरुवारच्या संध्याकाळी त्या मनोऱ्यात गेल्या. गोल जिन्याच्या चाळीस पायऱ्या चढून गेलं की लाकडी जमिनीची एक खोली, छतातल्या भोकांतून खाली लोंबणारे सहा दोर, प्रत्येकाला मध्यावर लाल-पांढऱ्या लोकरीची जाड गुंडाळी, भिंतीला लागून एक बाक. घंटा दिसतच नाहीत, त्या वरच्या मजल्यावर. मला वाटलं होतं दोर ओढला की घंटा वाजते. तसं नाही. घंटा तोंड आकाशाकडे करून उभी केलेली असते. दोर ओढला की ती अख्खी गिरकी घेऊन पुन्हा तोंड वर करून थांबते, मग उलटी गिरकी. कित्येक मणांचं ते धूड बोटांनी तोलून धरायचं असतं. ताकदीचं काम नाही, असं रॉन म्हणायचा. ऐन टोकावर तिला थोडं जास्त थांबवलं की तुम्ही मागं सरकलात, थोडं लवकर सोडलं की पुढं. मी दोन गुरुवार प्रयत्न केला. तिसऱ्या गुरुवारी दोर हातातून सुटून तळवे सोलून निघाले आणि मी बाकावर बसून माझा युनिव्हर्सिटीचा अभ्यास करू लागलो. वहिनीनंही एकदा जोर जास्त लावला, घंटा टोकावरून पुढं गेली आणि तिला अडवणारी वरची लाकडी फळी काडकन मोडली. ती पांढरी पडली. रॉन “नो वरीज” म्हणून कपाटातून दुसरी फळी घेऊन वर गेला. प्रत्येकाच्या नावावर एक मोडलेली फळी असते म्हणे.

पण ती शिकली, आणि फार चटकन शिकली. लोक वर्षभर एकाच घंटेवर धडपडत असतात, तिनं सहा महिन्यांत कुठलीही घंटा धरली. आपल्यामागून कोण, पुढं कोण, हे कानांनी नाही तर डोळ्यांनी ओळखायचं असतं. पाच दोर वर-खाली होताना बघायचे आणि आपली फट शोधायची. हे कित्येकांना जमतच नाही. तिला पहिल्या दिवसापासून जमत होतं. दोर बघताना तिचा चेहरा असा व्हायचा, की मी वही खाली ठेवून बघत राहायचो. घरात, पार्टीत, दुकानात ती नेहमी किंचित सावध असायची, जणू कुणीतरी मागून हाक मारील. इथं ते सगळं गळून पडायचं. एकदा घरी जाताना तिनं मला सांगितलं, की जमीन थरथरते ना, ती पायांतून वर डोक्यापर्यंत येते, प्रत्येक घंटेची वेगळी. मला तसलं काही जाणवलं नव्हतं.

मराठी मंडळींत कुजबुज झालीच. एका काकूंनी सरळ विचारलं, बाटणार आहेस की काय? वहिनीनं ते त्यांच्या तोंडाकडे बघत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी वर दोर ओढते. खाली काय चालतं ते खालचे बघतात.” ते खरंही होतं. रविवारी प्रार्थनेआधी अर्धा तास वाजवून निम्मे रिंगर मागच्या दारानं चहा प्यायला पळायचे. रॉन स्वतः त्यात सगळ्यांत पुढं.

दीड-दोन वर्षांनी ती गोष्ट घडली. तोवर ती इतकी पुढं गेली होती, की वाजवता वाजवता मध्येच म्होरक्यानं हुकूम द्यायचा आणि सगळ्यांनी त्याबरहुकूम वाट बदलायची, असला अवघड प्रकार चालला होता. रॉन समोर उभा असला की तिची एकही फेरी चुकत नसे. तो तिच्या अगदी शेजारच्या दोरावर असला की हटकून गडबड व्हायची. विसरले, ती म्हणायची. त्या गुरुवारी रॉन स्वतः वाजवत नव्हता. तो फिरत फिरत तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्यानं “स्टँड” अशी हाक दिली. म्हणजे थांबा. पाच जणांनी पाच घंटा टोकावर उभ्या केल्या. वहिनी वाजवत राहिली. सगळ्या वस्तीवर ती एकच घंटा वाजत होती... एक, दोन, तीन, चार. मग तिला दिसलं की बाकीचे दोर हलत नाहीत. तिनं आपली घंटा उभी केली, हसली आणि म्हणाली, सॉरी, माझं लक्ष नव्हतं.

उतरताना रॉननं मला जिन्यात थांबवलं. आयुष्य त्यानं रेल्वेत काढलेलं. बॉयलरच्या कारखान्यातली माणसं चाळिशीत बहिरी होतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात, हे त्याच्या रोजच्या बघण्यातलं होतं. “मेट,” तो हळूच म्हणाला, “हिला ऐकू येत नाही, हे तुम्हाला घरी माहीत आहे ना?”

मी म्हणालो, असं काही नाही. म्हणालो आणि त्याच पायरीवर मला सगळं एकदम दिसलं. मुलाखत. “हो ना.” शिष्टपणा. मशिनांच्या खडखडाटात टपालकेंद्रातल्या बायका ओरडून बोलतात आणि तिथं मात्र हिच्या चार मैत्रिणी आहेत, हेही. आणि मिशी... मी त्या घरात तीन वर्षं तिच्या हातचं जेवत होतो.

स्टेशनवरून घरी येताना ओढ्याकाठच्या रस्त्यानं मी तिच्या पुढं जाऊन, वळून, तिच्याकडे तोंड करून विचारलं. ती थबकली नाही. रॉननं सांगितलं ना, म्हणाली. चालता चालता तिनं जे सांगितलं ते असं. तिच्या आईला पहिल्या बाळंतपणानंतर कमी ऐकू येऊ लागलं, तिसऱ्यानंतर जवळजवळ येईनासं झालं. मावशीचंही तेच. वहिनी कॉलेजात असतानाच तिच्या डाव्या कानात सुरुवात झाली होती. दादा तिला बघायला आला तेव्हा तिनं सबंध वेळ त्याच्या ओठांकडे बघून उत्तरं दिली. तेव्हा त्याला मिशी नव्हती. घरच्यांनी सांगितलं, बोलू नकोस. आणि एकदा न बोललेली गोष्ट मग दर वर्षी आणखी जड होत गेली. “ह्यांना वाटेल आम्ही फसवलं,” ती म्हणाली. “वाटेल काय, फसवलंच.” मूल का नाही, हेही मला तेव्हा कळलं. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, तो त्या दोघांचा प्रश्न होता. मी एवढंच विचारलं की घंटा तुला ऐकू येतात का. ती थांबली. त्या दुपारी बसस्टॉपवर, ती म्हणाली, सात-आठ वर्षांनी पहिल्यांदा मला काहीतरी पुरतं ऐकू आलं. अंदाजानं नाही. पुरतं.

दादाला तिनं स्वतःच सांगितलं, एका रविवारी. मी मुद्दाम लायब्ररीत जाऊन बसलो. संध्याकाळी परतलो तर दादा मागच्या अंगणात पायरीवर बसला होता. कपडे वाळत घालायच्या तारांची ती मोठी छत्री वाऱ्यानं फिरत होती, तो तिच्याकडे बघत होता. लग्नाआधी लपवलं याचा राग त्याला आला होता, नाही असं नाही. आपल्याआधी हे एका रेल्वेवाल्याला कळलं, याचा जास्त. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, “चार वर्षं मी तिच्यावर ओरडत होतो, मुकुंद. आणि मी ओरडलो की तिला बरं वाटायचं. कारण तेवढंच ऐकू यायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरातून बाहेर आला तो मिशी काढून. चहाच्या टेबलावर बसला आणि अगदी सावकाश, नेहमीच्या आवाजात म्हणाला, नलू, साखर दे. वहिनीनं साखर दिली आणि उठून आत निघून गेली.

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कानात तीन चिमुकली हाडं असतात, त्यांतलं शेवटचं हिचं घट्ट बसलंय, हलत नाही, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. आतला भाग शाबूत आहे. म्हणून जमिनीतून, हाडांतून आलेला आवाज तिला नीट पोहोचतो, आणि गोंगाटात लोक मोठ्यानं बोलतात म्हणून तिथं ती इतरांइतकीच ऐकते. वहिनीनं ते चित्र मागून घेतलं. स्वतःच्या बहिरेपणाची तिला इतकी उत्सुकता होती, की डॉक्टरच गोंधळले. ऑपरेशन एकाच कानाचं करायचं ठरलं, उजव्या. त्यानंतर आठवडाभर तिला खोली फिरताना दिसायची. आणि मग एका सकाळी ती स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभी राहून मला म्हणाली, हा सारखा असाच गुरगुरतो? तुम्ही झोपता कसे? पुढचे काही दिवस ती घरभर आवाज गोळा करत हिंडली. वर्तमानपत्राची घडी, स्वतःच्या चपला, दादाचं जेवणं. दादाला ती म्हणाली, तुमचा आवाज मला वाटत होता त्याहून जाड आहे. तो चक्क लाजला.

गंमत मनोऱ्यात झाली. सगळ्यांना वाटलं आता हिला आवरणं कठीण, आणि तिचं वाजवणं साफ बिघडलं. इतके दिवस डोळ्यांवर चालवलेलं काम, त्यात आता कान मध्ये मध्ये लुडबुडायला लागले. महिनाभर ती कानात कापूस घालून वाजवत होती. मग एका गुरुवारी कापूस काढला, दोन फेऱ्या वाजवल्या आणि दोर बांधून ठेवत म्हणाली की मी दोन वर्षं घंटा क्षणभर उशिरा मारत होते आणि तुम्ही कुणी मला सांगितलं नाहीत. रॉन म्हणाला, सांगितलं होतं की. तू ऐकलं नाहीस. यावर ती इतकी हसली, की बाकीच्यांनाही हसायची परवानगी मिळाली.

त्यानंतर वर्षभरात तिनं पुन्हा मुलाखत दिली आणि टेक्निकल कॉलेजात गणित शिकवू लागली. फिटर, वायरमन होऊ घातलेली दांडगी पोरं तिच्या वर्गात मुकाट बसत, कारण फळ्याकडे तोंड असतानाही ही बाई मागच्या बाकावरचं ऐकते, अशी तिची ख्याती होती. मी नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला आलो आणि आमचं बोलणं रविवारच्या फोनवर आलं.

तिनं सातशे वीसच्या सात रचना सलग, अशी पाच हजार चाळीस फेऱ्यांची पूर्ण बैठक वाजवली तेव्हा मी मुद्दाम सिडनीला गेलो होतो. न थांबता, दोर दुसऱ्याच्या हाती न देता, काही लिहिलेलं समोर न ठेवता तीन तास. त्याच्या आधीचा प्रयत्न दोन तासांनी मोडला होता आणि मोडला होता तिच्याच चुकीनं. त्यानंतर आठवडाभर ती कुणाशी बोलली नव्हती. या वेळी दादा गाडी चर्चसमोर लावून तीन तास आत बसून राहिला, काचा खाली करून, मांडीवर थर्मास. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पण दर वीस मिनिटांनी तो मला विचारायचा, अजून बरोबर चाललंय ना? मलाही कळत नव्हतं. मी हो म्हणायचो. घंटा थांबल्यावर आम्ही दोघं चाळीस पायऱ्या चढून वर गेलो. वहिनी बाकावर बसली होती, तळवे लालबुंद, केस घामानं कपाळाला चिकटलेले. मराठीत म्हणाली, “सातांतल्या कशातच एकही परत नाही.” दादानं चहा ओतून दिला.

अंत्यविधी आपल्या पद्धतीनं झाला. दुसऱ्या दिवशी रॉन घरी आला, आता ऐंशीला टेकलेला, आणि विचारलं की तिच्यासाठी वाजवू का. घंटेच्या आत आपटणाऱ्या लोळीला एका बाजूनं चामड्याची टोपी बांधतात. मग एक फेरी मोकळी, खणखणीत वाजते आणि लगेच दुसरी दबकी, लांबून आल्यासारखी. मी आणि दादा चर्चच्या आवारात गवतावर उभे होतो. एक फेरी जवळून, एक फेरी लांबून. दादा बराच वेळ ऐकत होता. “ऑपरेशनच्या आधी,” तो म्हणाला, “मी बोलत असताना तिला हे असंच ऐकू येत असेल...”

मी टूवूंबाला परतायच्या आधी रॉननं आम्हाला पुन्हा बोलावलं. मनोऱ्यातल्या कपाटात, राखीव दोरांच्या मागं, वहिनीची एक निळी वही सापडली होती. पानामागून पान नुसते आकडे, आणि तेही आपले, देवनागरी. रॉन आधी चक्रावला होता. सहाच घंटा असताना ह्यात नऊ आणि आठ कुठून आले? आपला एक त्यांच्या नऊसारखा दिसतो आणि आपला चार आठसारखा. मग त्याच्या लक्षात आलं, की कुठलीही रचना सुरू होते ती एक ते सहा अशी ओळीनंच. पहिली ओळ धरून त्यानं आपला एक, आपला चार, आपला पाच एका संध्याकाळीत शिकून घेतला. पुढच्या तीन संध्याकाळी बसून सगळ्या सातशे वीस ओळी तपासल्या. ही कुठल्याही पुस्तकातली रचना नव्हती. हिनं स्वतः बांधलेली, कुणाला न सांगता. एकही ओळ परत न येणाऱ्या रचनेला त्यांच्यात ‘ट्रू’ म्हणतात. रॉननं वहीवर हात ठेवला आणि तेवढंच म्हणाला, इट्स ट्रू.

आकडे त्यानं उलगडले होते, पण पहिल्या पानाच्या माथ्यावरचे दोन शब्द त्याला लागत नव्हते. नवी रचना जे पहिल्यांदा पूर्ण वाजवतात त्यांनी तिचं नाव नोंदवायचं, अशी रीत आहे. हे तिनं ठेवलेलं नाव आहे का, त्यानं विचारलं. मी वाचलं. वहिनीच्या गोल, मास्तरणीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नाव नंतर’. मी त्याला अर्थ सांगितला. रॉननं ते दोन शब्द पुन्हा पाहिले. मग म्हणाला की नवऱ्यानं ठरवावं, नलिनी ठेवूया का? सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादानं वही जवळ घेतली, त्या दोन शब्दांवरून अंगठा फिरवला.

“तिला घाई नव्हती,” तो म्हणाला. “आहे तेच राहू दे.”

त्या रविवारी दुपारी त्यांनी ती वाजवली. दादा आणि मी बाकावर बसलो होतो. सहा माणसं सहा दोर धरून उभी राहिली. आधी सरळ ओळीत काही फेऱ्या झाल्या, एक ते सहा, एक ते सहा. मग रॉननं, जसं रचना सुरू करताना तिचं नाव पुकारतात तसं, आपल्या जाड ऑस्ट्रेलियन उच्चारात पुकारलं, “गो, नॅव नॅन्टर,” आणि पहिल्या दोन घंटांनी जागा बदलल्या. जमीन थरथरत होती. मी बूट काढले. थोड्या वेळानं शेजारी बघितलं तर दादानंही काढले होते.

अर्ध्या तासानं सगळं शांत झाल्यावर रॉननं नोंदवही उघडून दादापुढं सरकवली आणि सांगितलं, तुमच्या लिपीत लिहा. दादानं पहिल्या रकान्यात ते दोन शब्द लिहिले, दुसऱ्या रकान्यात वहिनीचं पूर्ण नाव, माहेरचं. परवा त्याचा फोन आला होता. गुरुवारी जातो म्हणाला, बाकावर बसतो, दोर हातात घेत नाही. नवीन शिकणाऱ्या एका मुलीनं त्याला विचारलं म्हणे, नॅव नॅन्टर हे भारतातलं कुठलं गाव आहे?

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? दादा म्हणाला, कराडजवळ आहे, म्हणून सांगितलं.